मामाचा तास

आमच्या सरकारी हायस्कुलात परीक्षा जवळ आली की पहिला बळी मामाचा जायचा. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, शाळेत खेळाचा शिक्षक. गणिताच्या मॅडम दारात यायच्या आणि म्हणायच्या, "सर, आजचा तेवढा तास द्या हं, पोर्शन राहिलाय." मामा मान डोलवायचा. उसना गेलेला तास परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मग आंतरशालेय स्पर्धेत आमचा व्हॉलीबॉलचा संघ पहिल्याच फेरीत सपाटून मार खायचा.

मामाचा आवाज असा की मैदानात त्याने 'सावधान' म्हटलं की वर ऑफिसातला क्लार्कसुद्धा ताठ बसायचा. पण मुख्याध्यापिकांपुढे, म्हणजे मोठ्या मॅडमपुढे, त्याचं मांजर व्हायचं. त्या वर्षी गणिताचा निकाल आणखी घसरला आणि खेळाचा तास कायमचाच गणिताला द्यायचं त्यांनी ठरवलं. मामाच्या पायाखालची जमीन सरकली. पहिल्यांदाच त्याने तोंड उघडलं.

"नववी क माझ्या ताब्यात द्या. सराव परीक्षेत सगळे गणितात पास झाले तर तास माझा. एक जरी नापास झाला, तर ही शिट्टी तुमच्या टेबलावर."

नववी क म्हणजे आम्ही. गणिताच्या नावाने आमच्याकडे सगळा आनंदीआनंद होता. घरी मामी म्हणाली, "अहो, तुम्हाला तरी येतं का गणित?"

"तोच तर घोळ आहे," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गणिताच्या तासाला आमच्या वर्गात आला आणि शेवटच्या बाकावर, माझं नशीब बघा, नेमका माझ्याशेजारी बसला. बाक करकरला.

"सर, तुम्ही इथे?" मॅडमनी विचारलं.

"शिकायला आलोय. स्वतःला येत नाही, तर पोरांना कुठल्या तोंडाने दम देऊ?"

मॅडमनी समीकरण मांडलं. मामाचा हात वर. "मॅडम, हा उणे पलीकडे जाऊन अधिक कसा झाला?" वर्ग खो खो हसला. मॅडमनी सगळं पहिल्यापासून समजावलं, आणि हसणारे हळूहळू गप्प झाले, कारण ते आम्हालाही कधी कळलं नव्हतं. पुढच्या तासाला मागच्या बाकांवरून आणखी एक हात वर आला. मग तर पोरं मॅडमना फळा पुसू देईनात. मीही विचारलं. सरांनाच येत नाही म्हटल्यावर आपल्याला कसली लाज?

मामाचा मैदानावर एक नियम होता. नापास होईल त्याने फेरपरीक्षेत पास होईपर्यंत मैदानात पाऊल टाकायचं नाही. हा नियम तो आम्हाला उठता-बसता ऐकवायचा. म्हणून संघाची कप्तान लंबू म्हणाली, "सर, मग तुम्हीही पेपर द्या."

"देतो की," मामा जोशात बोलून गेला.

निकालाला मोठ्या मॅडम स्वतः आल्या. सगळे पास. मीसुद्धा, काठावर. नापास एकच, मामा.

"सर काही विद्यार्थी नाहीत," मोठ्या मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "तास तुमचा."

मामा तडक मैदानाकडे निघाला. चुन्याच्या रेषेवर लंबू हात पुढे करून उभी होती.

"शिट्टी द्या, सर. नियम तुमचाच आहे."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. त्याने गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली आणि पायरीवर जाऊन बसला. पुढे तो फेरपरीक्षेत सुटला आणि संघ चक्क उपांत्य फेरीपर्यंत गेला, पण ते नंतरचं.

लंबूने शिट्टी फुंकली, आम्ही धावायला लागलो. दम खायला मी पायरीजवळ थांबलो तेव्हा गणिताच्या मॅडम वही घेऊन आल्या. "सरका जरा," म्हणत शेजारी बसल्या. मामा डोळे पुसत होता.

"एवढं मनाला लावून घेऊ नका, सर. मी शिकवते ना, सुटाल."

"मार्कांचं नाही हो, मॅडम. परीक्षा तोंडावर आलीय आणि माझा तास चालू आहे. हे मी कधी पाहिलंच नव्हतं."

मॅडमनी वही उघडली होती. ती त्यांनी मिटून मांडीवर ठेवली.

"बघा मग," त्या म्हणाल्या. "हा तास मी नाही घेत."