आधी उघडेल तिची फाइल

सासरच्या कारखान्यात सर्किट बोर्ड आखण्याचं काम थोरली जाऊ लग्न झाल्यापासून एकटी करत आली होती. मग धाकटी जाऊ डिप्लोमा घेऊन आली, शेजारच्या टेबलावर बसली आणि दोघींचं बिनसलं. थोरलीने आखलेली तांब्याची रेघ धाकटी न विचारता हलवायची. थोरली ती मुकाट्याने परत जागेवर आणायची.

जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना, तेव्हा विक्रेत्याने दोन नवी दाखवली. पहिल्यात दोघींना एकाच बोर्डावर एकाच वेळी काम करता येत होतं.

"म्हणजे हिचा हात दिवसभर माझ्या ताटात," थोरली म्हणाली. "दुसरं दाखवा."

दुसऱ्यात जी आधी फाइल उघडेल, तिलाच बदल करता येत. दुसरीने नुसतं बघायचं. थोरलीचा चेहरा खुलला. रोज सकाळी कारखान्याचं कुलूप तीच उघडत असे.

"हेच द्या," ती म्हणाली.

"घ्या की," धाकटी म्हणाली. "माझं काय जातंय?"

सॉफ्टवेअर बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरली नेहमीच्या वेळी आली, तर आत दिवे लागलेले. धाकटी डबा आणि घरातली दुसरी किल्ली शेजारी ठेवून कामाला लागली होती. थोरलीने आपल्या संगणकावर फाइल उघडली. बोर्ड दिसला, पण एक रेघ हलेल तर शपथ.

"फाइल बंद कर."

"संध्याकाळी करते, जाऊबाई. तोवर बघत बसा. पसंती तुमचीच."

थोरली खांद्यावरची पर्सही न काढता उभी राहिली. पडद्यावर तिची पहिली रेघ सरकायला लागली होती.