रापणीतला पाहुणा

माझा थोरला चुलतभाऊ दिवाळीनंतरच्या आगबोटीने मुंबईहून आमच्याकडे आला, तो कायमचा राहायला. काकांनी तसंच सांगून पाठवलं होतं: पोरगा वाया चाललाय, त्याला तिकडेच ठेवून घ्या, माणसात आणा.

मुंबईत तो एका टोळीत शिरला होता. दारूबंदीचे दिवस. टायरच्या ट्यूबमध्ये हातभट्टी भरायची, ती शर्टाच्या आत कमरेला गुंडाळायची आणि गिऱ्हाइकाला पोचवायची, हे त्याचं काम. आमच्या वाडीत प्रत्येकाचं निदान तयार होतं. संगत वाईट, सिनेमा वाईट, मुंबईचं पाणीच वाईट! काका मिलमध्ये पाळ्या करत, त्यांच्या एका खोलीत गावची दहा माणसं पथारी टाकत, पोराला झोपायला जिन्याखालची जागा उरायची, शाळेत तोंड उघडलं की मुलं त्याच्या मालवणीला हसायची, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मलाही ते त्यानेच सांगितलं, परसात नारळ सोलताना.

"मगे टोळीत तुका काय गावता?" मी विचारलं.

"काम झाला की वाटो घालतत. मोठ्यांका घालतत तसोच माका. खंयचो, कोणाचो, कोण इचारीत नाय."

मी चिडलेच. चोरांच्या वाट्याचं एवढं कौतुक! पण तो फुशारकी मारत नव्हता. असतं तसं सांगत होता.

बाबांनी त्याला रापणीवर नेलं. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. ते होडीने समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे आणि मासळी आली की वाळूवर ज्याच्या त्याच्या वाट्याचे ढीग घालायचे. आमच्या रापणीत शब्द बाबांचा चाले. पहिल्या दिवसांत भावाच्या तळहातांची सालं निघाली. आई खोबरेल लावायची आणि काकांच्या नावाने बोटं मोडायची. पण तो टिकला. दोर ओढताना इतरांच्या पावलाला पाऊल लावू लागला, जेवणही दुप्पट. मला वाटलं, हा आता राहणार.

मग तो आल्यापासून पहिल्यांदाच वाटे घालण्याइतकी मोठी मासळी लागली. ढीग पडले. माझा धाकटा भाऊ जेमतेम मिसरूड फुटलेला, त्यालाही अर्धा वाटा होता. सगळे आपापल्या ढिगामागे उभे राहिले. हा जागा शोधत राहिला.

"काका, माझो वाटो खंय?"

बाबा मायेने हसले. "तुका वाटो कित्याक रे? तू थोरल्याचो झील, आमचो पावणो!" आणि जाळ्यातली सगळ्यात मोठी इसवण उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली.

भोवतालच्या माणसांनी माना डोलावल्या. आपण पुतण्याचा मान राखला, असं बाबांना मनापासून वाटलं होतं. मुंबईकराला बांगड्यांच्या ढिगामागे उभं करायचं, हा त्यांना कमीपणा वाटला असता. आमच्याकडे माणूस एकदा मुंबईचा झाला की तो पाहुणाच.

घरी येऊन त्याने मासा आईला दिला आणि न जेवता निजला. त्यानंतर दोराला हात लावला नाही. आठवड्याभरात कुणाला न सांगता आगबोटीवर चढला.

पावसाळ्याच्या तोंडावर बातमी आली. दोन टोळ्यांच्या मारामारीत सुरा लागून तो गेला.

बाबा पडवीत बसून ढसाढसा रडले. "पोटच्या झिलासारखो ठेयलंय त्याका. काय कमी केलंय?" येईल त्याला हेच विचारत होते, आणि येणारा प्रत्येक जण सांगत होता, काही नाही, काही कमी केलं नाहीस. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझा जीव जळत होता. पोटच्या पोराला बाबा पहाटे लाथ घालून उठवत, आणि दोर ढिला सोडला तर चारचौघांत शिव्या हासडत.