हात न टेकता

हातांची घडी घालून ती खुर्चीतून ताडकन उठायची आणि मोठ्यानं म्हणायची, "हात न टेकता, मेजर!" सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या दवाखान्यात सगळ्यांच्या माना वळायच्या. तुम्ही असता तर कौतुकच केलं असतं. माझा मात्र जळफळाट व्हायचा.

कारण मला तसं उठता येत नव्हतं. फौजेत उभं आयुष्य काढलं, आणि आता सून बगलेत हात घालून उठवत होती.

ही ताडकन उठणारी कवठे महांकाळकडची, माझ्यासारखीच तिथली पेशंट. तिचा सासरा घरात आला तरी ही जागची हलेना, म्हणून घरच्यांनी ठरवलं, सुनेला माज आलाय. "आवं, मला उठायाच येईना, आन् ह्ये म्हनत्यात माज!" पुढं पापण्यांवर जांभळट लाली चढली, केस विंचरायला हात वर जाईना, तेव्हा कुठं तिला सांगलीला आणलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना सारखंच समजावलं. स्नायूंना सूज आहे, शरीराचे पहारेकरी शरीरावरच उलटलेत. गोळ्यांनी त्यांना आवरायचं, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, झेपेल तेवढा व्यायाम करायचा. त्या गोळ्यांनी दोघांचीही तोंडं फुगली. "लय बाळसं धरलंय न्हवं?" म्हणून तीच हसायची. पण तिच्या पायांत जोर आला. माझं नुसतं तोंडच फुगलं.

"तुमी गोळ्या चुकिवता व्हय?" ती दटावायची. एकही चुकवली नव्हती. असा राग यायचा!

मग माझ्या मांडीतला तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, तुमचा प्रकार वेगळा आहे, या गोळ्यांना दाद देत नाही. आहे ती ताकद व्यायामानं जपू. बाहेर येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी उगंच वरडत हुते की वो."

पुढच्या खेपेपासून मी समोर असलो की ती खुर्चीच्या हाताला धरून, कण्हत उठू लागली. नर्ससुद्धा फसली. मी फसलो नाही. दारात रिक्षातून टुणकन उतरताना मी तिला पाहिलं होतं. दुसऱ्यासाठी आजाऱ्याचं सोंग घ्यावं, एवढी ताकद हिच्याकडं शिल्लक होती. त्याचाही मला हेवा वाटला.

आता तिच्या गोळ्या अगदी कमी झाल्यात, डॉक्टर तिला लांबची तारीख देतात. आमची गाठ पडत नाही. परवा सुनेला ती बाजारात दिसली. डोक्यावर गुळाची ढेप, आणि माझी चौकशी करत होती म्हणे. मी नुसतं "बरं" म्हणालो.

हेवा काही जात नाही. पण दवाखान्यात गेलो की शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवतो. कुणी बसायला आलं तर सांगतो, माणूस येणार आहे.