ट्रायपॉडवरचं फुलपात्र

"हललं," एवढंच ते गृहस्थ म्हणायचे, आणि ट्रायपॉड माझ्याकडे सरकवायचे.

त्याआधीचा विधी ठरलेला. शबनम पिशवीतून स्टीलचं फुलपात्र काढायचं, माझ्याच दुकानातल्या माठातलं पाणी त्यात काठोकाठ भरायचं, ते ट्रायपॉडच्या डोक्यावर ठेवायचं आणि एका पायाला टिचकी मारायची. मग गुडघ्यावर हात टेकून पाण्याकडे बघत राहायचं. पाणी थरथरलं की ट्रायपॉड नापास. मी किंमत सांगायचो, इम्पोर्टेड आहे म्हणायचो, वॉरंटी दाखवायचो. ते म्हणायचे, "मालक, तुम्ही नका सांगू. पाण्याला विचारू."

मला संताप यायचा. शनिवार पेठेत माझं कॅमेऱ्यांचं दुकान. तेव्हा दिवस असे होते की हँडीकॅमचे खोके उघडायला वेळ पुरत नव्हता. कॉम्प्युटरवाली पोरं पहिल्या पगारात कॅमेरा घ्यायची, दुसऱ्या पगारात बदलून मागायची. आणि या गर्दीत हे गृहस्थ काउंटरवर पाणी सांडत उभे. अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. सगळं बघतात, नावं ठेवतात आणि नमस्कार करून जातात.

एका छापखान्यात त्यांची हयात गेली. खोलीएवढ्या कॅमेऱ्यावर पानांच्या फिल्म काढायचे. कॉम्प्युटर आला, कॅमेरा भंगारात गेला आणि यांना लवकर निवृत्ती दिली. मग बंद पडलेल्या एका स्टुडिओतून त्यांनी जुना लाकडी कॅमेरा उचलला. लांबलचक भाता, पोस्टकार्डाएवढी फिल्म, डोक्यावर काळं फडकं घेऊन बघायचं. वजन चांगलं भरभक्कम. "याला पाय तसे पाहिजेत," ते म्हणायचे. "माणूस हलला तर चालेल, पाय हलून चालणार नाहीत."

एवढा खटाटोप एका भिंतीच्या फोटोसाठी चालला होता.

मांजरी गावाकडे त्यांची मूळ वस्ती. छप्पन सालानंतर लोकांनी तिथे स्वतःच्या हातांनी एक छोटा विहार बांधला. आतल्या भिंतीवर वर्गणी देणाऱ्यांची नावं ऑइलपेंटने, ठसठशीत. ज्या बायकांकडे द्यायला काही नव्हतं त्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. त्या वर्षी त्या बायका रात्रशाळेत अक्षरं गिरवत होत्या. गिलावा ओला असताना प्रत्येकीने खिळ्याने खाली आपापलं नाव कोरलं. या गृहस्थांच्या आईनेही.

"आईने आयुष्यात लिहिलेलं तेवढंच," ते म्हणाले. "पुढे अंगठाच. पोटामागे धावताना अक्षर राहिलं नाही हातात."

आता तिथे बिल्डर येणार होता. नवा विहार बांधून देतो म्हणाला, संगमरवरी. कमिटी खूश. जुनी भिंत जाणार होती. गिलावा काढायला गेलं तर हातात भुगा येत होता.

"वहीत उतरवून घ्या की नावं," मी एकदा वैतागून म्हणालो.

"नावं मला पाठ आहेत. अक्षर कसं उतरवू?"

साध्या कॅमेऱ्यावर काढून पाहिलं होतं त्यांनी. खिळ्याच्या रेघा केसासारख्या बारीक, मोठं केलं की विरघळून जायच्या. त्यांना भिंत भिंतीएवढीच कागदावर हवी होती. आईच्या नावावरून बोट फिरवता यायला हवं, असं त्यांनी मला माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, अगदी सहज सांगितलं. त्यानंतर मी पाण्याबद्दल कुरकुर केली नाही.

शेवटी जुन्या बाजारात त्यांना हवं ते सापडलं. जमीन मोजणीवाल्यांचं लाकडी स्टँड, जाडजूड पायांचं. फक्त वरचा पितळी सांधा ढिला होता. मी म्हणालो, ठेवा इथे, माझ्या ओळखीचा कारागीर आहे, करून घेतो. मी होऊन म्हणालो, हे लक्षात ठेवा.

आणि मी ते माळ्यावर टाकलं. दिवाळी होती, हँडीकॅम जात होते. ते दर शनिवारी यायचे. "झालं का, मालक?" मी म्हणायचो, "या आठवड्यात नक्की." चार शनिवार गेले. पाचव्याला मी चक्क चिडलो. म्हणालो, "अहो, एक तुमचंच काम आहे का मला?" ते म्हणाले, "नाही. पण मला एवढंच आहे." आणि गेले.

दोनच दिवसांनी ते कॅमेऱ्याची पेटी घेऊन धापा टाकत आले. बिल्डरची माणसं ठरल्याआधीच आली होती. भिंत दुसऱ्या दिवशी पडणार होती. स्टँड माळ्यावर, सांधा तसाच. मला तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून मी आवाज चढवला. शोकेसमधला सगळ्यात महागडा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड काढला, त्यांना स्कूटरवर बसवलं आणि मांजरी गाठली.

विहाराचं छप्पर उतरवलं होतं. पलीकडे डंपर घरघरत उभा. ऊन तिरकं पडलं होतं आणि त्या उन्हात भिंतीच्या तळाशी ती अक्षरं उठून दिसत होती. वाकडी, कुठे वेलांटी उलटी, कुठे नाव अर्ध्यावर येऊन खाली वळलेलं. मी वाकून बघितली. मग त्यांनी ट्रायपॉड रोवला आणि फुलपात्र काढलं.

पाणी नुसतं थरथरत होतं.

"गाडी बंद कराल का जरा?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"म्या केली असती, पर साहेब वरडतोय. त्याला इचारा."

साहेब म्हणजे गॉगल लावलेला सुपरवायझर. कानाला मोबाईल. "काका, मशीन रेंटवर आहे. फोटो काय, पटकन क्लिक करा ना."

मी त्याच्या अंगावर धावून जायला हवं होतं. दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसणारा मी, तिथे गप्प बसलो. ऊन सरकत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हलतंय, मालक."

"चालतंय हो," मी म्हणालो. "काढा."

मी म्हणालो. दुसरं कुणी नाही.

दोन फिल्म होत्या, दोन्ही काढल्या. भाता वाऱ्याने फुगत होता, मी हातांनी आडोसा धरला होता. ते सेकंद मोजत होते. दुसऱ्या दिवशी भिंत पडली.

चौथ्या दिवशी ते निगेटिव्ह घेऊन आले. काचेवर ठेवली, भिंग माझ्या हातात दिलं. वरची नावं स्वच्छ होती, वर्गणीच्या आकड्यासकट वाचता येत होती. खाली करड्या धुक्याखेरीज काही नव्हतं. मी भिंग वर केलं, खाली केलं, दुसरी निगेटिव्ह लावली.

"मोठ्यांची आली," ते म्हणाले. "मोठ्यांची येतातच."

एक शिवी दिली असती मला त्यांनी. माझ्या दुकानात उभं राहून चार लोकांत माझी अब्रू काढली असती, तर मी आज थोडा सुखी असतो. त्यांनी भिंग पुसून परत दिलं, "येतो" म्हणाले आणि पायऱ्या उतरले. फुलपात्र काउंटरवर राहिलं.

त्याच दुपारी मी स्टँड कारागिराकडे नेलं. त्याला तास लागला. मधे एक चहा घेऊन सांधा घट्ट बसवून दिला. एका तासाचं काम होतं ते.

शनिवार आले आणि गेले, ते आले नाहीत. पुढल्या वर्षी मीच पत्ता शोधत स्टँड घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलीने दार उघडलं. आत त्यांचा हार घातलेला फोटो होता आणि शेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, त्याच निगेटिव्हवरून मोठा केलेला तो कागद. भिंतीएवढी भिंत.

"बाबा खाली बसून हात फिरवायचे इथे," ती म्हणाली. "इथे आजीचं नाव आहे ना? मला दिसत नाही."

"आहे," मी म्हणालो. "मी पाहिलंय."

स्टँड तिने ठेवून घेतलं नाही. घरात जागा नव्हती. ते आता माझ्या दुकानात उभं असतं. परवा एक जोडपं आलं, बाणेरला नवा फ्लॅट, यावर लॅम्प मस्त दिसेल म्हणाले, किती घ्याल? मी त्यांना दुकानाबाहेर काढलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी फुलपात्र भरतो आणि स्टँडवर ठेवतो. रस्त्यावरून बस जाते, शोकेसच्या काचा वाजतात. मी पायाला टिचकी मारतो, मग चापट, मग चिडून गुद्दा. पाणी हलत नाही.