वड नव्हे, गोठा

मेढ्याकडच्या एका हायस्कूलच्या समारंभात मी माईकवरून ठोकून दिलं, की ही शाळा वडाखाली सुरू झाली. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर खोचून उठली. "कुठला वड? आमच्या गोठ्यात भरायची साळा! मामंजींनी म्हशी पावसात भाईर बांधल्या. गाव हसलं त्यांस्नी. एकदा नाव घे की त्यांचं!"

"काय नाव, आजी?"

"सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यावं व्हय रं?"

शेवटी हेडमास्तरांनी ते माझ्या कानात सांगितलं आणि मी खणखणीत पुकारलं. टाळ्या पडल्या. म्हातारी हात जोडून, डोळे मिटून ऐकत राहिली. तेवढ्यावर थांबायचं ना! मी न पाहिलेल्या गोठ्याचं रसभरित वर्णन सुरू केलं.

तिनं डोळे उघडले. "बास रं बाबा, म्हशीबी एवढ्या रेकत न्हवत्या."