येळवशीच्या दिवशी खोली शोधताना

नांदेडच्या बसस्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा अम्मीने माझ्या मांडीवर डबा ठेवला आणि शेवटची सूचना केली, "पैले चूल्हा देखना बेटा, कमरा बाद में." डब्यात खिचडी होती, सोबत चिंच-तिळाचा खट्टा. आमच्या गल्लीत सकाळ त्यानेच उजाडते. लातूरच्या एका दवाखान्यात मला लॅबमध्ये नोकरी लागली होती. अब्बा गेल्यापासून अम्मी एकटी. म्हणून ठरलं होतं की मी खोली बघायची आणि मिळाली की तिला घेऊन जायचं. महिनाभरात होईल, असं मी सगळ्या मैत्रिणींना तोंड वर करून सांगितलं होतं.

चार महिने गेले. मी बायकांच्या हॉस्टेलवर राहत होते. तिथे चूल सोडा, चहाची किटली ठेवायलाही बंदी. रविवारी एजंटबरोबर फिरायचं. घर आवडायचं, भाडं ठरायचं, मग मालक विचारायचे, "नाव काय म्हणलात?" शबाना म्हटलं की ती खोली त्याच मिनिटाला पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघायची. लातुरात इतके पुतणे येतात कुठून, कोण जाणे. काही जण जरा सभ्य. ते म्हणायचे, "तसं काही नाही हो, पण आमच्यात मटण-मच्छी चालत नाही."

नकार मिळाला की मी काहीतरी खायला जायची. गंजगोलाईजवळच्या गाड्यावर सुशीला, म्हणजे चुरमुरे भिजवून, कूट घालून केलेला आमच्या मराठवाड्याचा नाश्ता. औसा रोडला निलंगा राईस. बिर्याणीवर वाढलेल्या माझ्या जिभेला त्या पिवळ्या भाताचं आधी हसू आलं. तिसऱ्या रविवारी मीच तो शोधत गेले. असं खात खात शहर पाठ झालं. आजही कुणी पत्ता विचारला तर मी गल्लीच्या आधी गाड्याचं नाव सांगते. शहर मला आवडायला लागलं होतं आणि शहराला मी नको होते, याचा फार राग यायचा. फोनवर अम्मी विचारायची, "चूल्हा देखा?" मी विषय बदलायची.

शेवटी एजंटच म्हणाला, "मॅडम, नाव शेवटी सांगत जा. आधी वळख होऊ द्या."

डिसेंबरात एका अमावास्येला सुट्टी मिळाली. कशाची, ते मी विचारलंच नाही. आज सगळे मालक घरी सापडतील अशा हिशेबाने एकटीच निघाले. लातूरचा माणूस हे ऐकून पोट धरून हसेल. त्या दिवशी येळवस असते आणि अख्खं शहर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. आमच्या गल्लीत शेतच कुणाला नव्हतं, त्यामुळे मला पत्ता नाही. तीन घरांना कुलूप. चौथ्या घरापुढे 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती आणि साठीची एक बाई टमटममध्ये मडकी ठेवत होती. त्या कमलताई.

"खोली बघायची होती," मी म्हटलं.

"आज कोन खोली दाखवतंय? येळवस हाय. येकटीच हायस का? बस मग."

मी बसले. त्यांनी नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शेतात ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. कडब्याच्या खोपीत देव मांडले होते. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कमलताई हाक मारत होत्या, "ओ भाऊ, जेवून जावा." ओळखपाळख लागत नव्हती. पत्रावळीवर तूर, हरभरा, पावटा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, बाजूला ताकातली आंबील. मी भुकेल्यासारखी जेवले. दुसऱ्यांदा वाढताना ताई म्हणाल्या, "खोली वरली हाय. ऊन झ्याक येतंय."

मी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. वाढणाऱ्या हाताला मी फसवत होते. आणि इथेही पुतण्या निघाला तर, ही भीती होतीच.

"ताई, माझं नाव शबाना. आई पण राहायला येणार आहे. आणि आम्ही घरात मटण करतो."

त्यांचा हात थांबला. "मग हे जेवायच्या आधी का न्हाई सांगितलंस?"

"भ्या वाटलं."

त्यांनी भज्जीचं भांडं खाली टेकवलं. मग म्हणाल्या, "येळवशीला पंगतीत बसवलेल्या मानसाला दारातून माघारी लावू व्हय? मला न्हाई जमायचं." त्यांनी भज्जी वाढली. "पन मटनाचा कुकर वरल्या देवघराच्या भिंतीला न्हाई. मागल्या खिडकीपाशी ठिवायचा."

मी हो म्हणाले. रडू आलं, ते लपवलं नाही. खोली न बघताच घेतली हे ऐकून अम्मीने फोनवरच कपाळावर हात मारला असणार.

अम्मी इथे आली त्याला आता दोन वर्षं झाली. कुकर मागच्या खिडकीपाशीच असतो. समोरच्या घरातली बाई अजून आमच्याशी बोलत नाही. खट्टा केला की वाटीभर खाली जातो. नांदेडच्या मैत्रिणी विचारतात, "घरी कधी येतेस?" मी जाते, गल्लीतली खिचडी खाते, डोळे भरून येतात. तिसऱ्या दिवशी मात्र सुशीला आठवते आणि मी बॅग भरायला घेते.

यंदाच्या येळवशीला अम्मी पहिल्यांदा शेतात आली. गुडघ्यांमुळे मागच्या वर्षी जमलं नव्हतं. पदर डोक्यावर घेऊन ती बांधाच्या कडेला सतरंजीवर बसली होती. एक अनोळखी माणूस सायकल ढकलत चालला होता. कमलताई वाढण्यात गुंतलेल्या. मी काही म्हणायच्या आत अम्मीने मोडक्यातोडक्या मराठीत हाक मारली, "ओ भाऊ, जेवून जावा."

कमलताईंनी मान वर करून पाहिलंही नाही. आणखी एक पत्रावळ मांडली.