शिवलेला गुडघा घेऊन झूटरमेरच्या बर्फावर

हळदीकुंकवाला वर्षाच्या घरात पाऊल टाकलं तोच ती ओरडली, "ताईंना खुर्ची आणा गं!" सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी वर, म्हातारीसारखी. वाण घेतलं, घरी आले आणि यांना सांगून टाकलं, "मंगळवारी झूटरमेरला जाणार. स्की करायला."

"मांडी घालता येत नाही तुला, आणि स्की करणार?"

"स्की मांडी घालून करत नाहीत."

दोन हिवाळ्यांपूर्वी तिथेच पडले होते. डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. हाउसआर्ट्स, म्हणजे डच भाषेत आपला नेहमीचा डॉक्टर, आधी म्हणाला पॅरासिटामॉल घ्या. शेवटी ऑपरेशन झालं, मग वर्षभर फिजिओकडे घाम गाळला. त्याने एका पायावर उड्या मारून घेतल्या, मगच सोडलं. तोच म्हणाला, मांडी घालायला गुडघा पार दुमडावा लागतो, स्कीला तेवढा नाही. यांना किती वेळा सांगितलं. ऐकतंय कोण!

तुम्हाला जायचं असेल तर आमच्या रायस्वाइकहून हेगपर्यंत ट्राम, तिथून झूटरमेरची ट्राम, शेवटी थोडी पायपीट. या सपाट देशात डोंगर नाहीत, म्हणून छपराखाली उतार बांधून त्यावर बर्फ पसरलाय. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जा, स्वस्त पडतं, गर्दीही नसते. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने मिळतं. हातमोजे मात्र घरून न्या. बूट सैल वाटला तर लाजू नका, बदलून मागा. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून आम्ही दारासमोर वाऱ्यात उभं राहून थालीपीठं खाल्ली.

हे काचेमागे कॉफी घेऊन बसले. मला शिकवायला मारिके नावाची पोरगी होती, माझ्या लेकीएवढी.

"मागच्या वेळी कशी पडलीस?" तिने विचारलं.

"घाबरले आणि खाली बसले."

खरंच. निसरड्या बांधावर पाय सटकला की आपण पटकन बसतो आणि वाचतो. लहानपणापासूनची सवय. स्कीवर बसलं की स्की पुढे पळते आणि गुडघा जातो.

"मग आज बसायचं नाही," ती म्हणाली. "नडग्या बुटांवर पुढे दाब."

छोट्या उतारावर दोन खेपा केल्या, मग मोठ्या उतारावर गेले. निम्म्यात, जिथे पडले होते तिथेच, एक बाप्या समोरून आडवा गेला. स्की सुसाट सुटल्या. बूड मागे जायला लागलं. मी मोठ्याने ओरडले, "बसू नकोस, मेले!" नडग्या पुढे रेटल्या, स्कींची टोकं जवळ आणली, वळले. थेट खाली येऊन थांबले. उभी!

हे थंडीत धावत आले. "पडलीस?"

"दिसतंय ना उभी आहे ते."

"मग चल आता घरी."

"कशाला? वेळ संपायचाय अजून."

परत वर गेले.

रात्री गुडघा ठणकला, खोटं कशाला बोलू. मांडी अजून येत नाही, कदाचित कधीच येणार नाही. रविवारी वर्षाकडे भजन होतं. या वेळी खुर्ची मीच ओढली, सगळ्यांच्या पुढे मांडली आणि ऐसपैस बसले.

"दुखतोय का हो गुडघा, ताई?" एकीने विचारलं.

"जरा. मंगळवारी स्की केली ना."

मग टाळ खाली ठेवून वर्षा हळूच म्हणाली, "हातमोजे कसले लागतात हो, ताई?"